तेराशे वर्षांचं र्‍योकान : जुनं नेमकं काय?

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, तत्त्वज्ञान सोडून हॉटेलांकडे कधी वळलात?" आम्ही त्याला म्हटलं, वळलेलो नाही. उलट ज्या प्रश्नावर आम्ही चाळीस वर्षं फळ्यावर खडू झिजवला, तोच प्रश्न तिथे गरम पाण्यात भिजत बसलेला सापडला. एखादी गोष्ट बदलत बदलत तीच राहते, असं आपण म्हणतो तेव्हा त्या 'तीच'चा अर्थ काय?

जपानमध्ये यामानाशी नावाचा प्रांत आहे. तिथे डोंगरांच्या खोबणीत, हायाकावा नदीच्या खोऱ्यात, केइउनकान नावाचं र्‍योकान आहे. र्‍योकान म्हणजे पारंपरिक पद्धतीचं उतरायचं ठिकाण. जमिनीवर तातामीच्या चटया, त्यावर रात्री अंथरायची गादी, जेवणखाण आतच. आणि ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा. कोकणात आपण ज्याला उन्हाळं म्हणतो तेच. हे केइउनकान इसवी सन 705 मध्ये सुरू झालं असं सांगतात. 2011 मध्ये गिनीज बुकानं त्याची नोंद जगातलं सगळ्यात जुनं हॉटेल म्हणून केली. 705 म्हणजे किती जुनं? आपल्याकडे तेव्हा बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि वेरूळचं कैलास लेणं कोरायला अजून अर्धं शतक अवकाश होता.

आता जरा चौकसपणे बघू. आज तिथे उभी असलेली इमारत विसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. पाण्यासाठी 2005 मध्ये नवा खोल बोअर मारला. म्हणजे भिंती जुन्या नाहीत आणि ज्या वाटेनं पाणी वर येतं तीही जुनी नाही. राहता राहिलं घराणं. बावन्न पिढ्या म्हणतात. त्याकडे आपण शेवटी येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

आधी या तारखांविषयी थोडं. 705 हे, 717 मध्ये किनोसाकीचं कोमान, 718 मध्ये आवाझूचं होशी. जगातली सगळ्यात जुनी म्हणून ज्यांची नावं येतात ती ही तीन र्‍योकानं एकाच देशात आणि पंधरा वर्षांच्या आत सुरू झालेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे थोडी शंका यायला हवी. या तारखा परंपरेनं दिलेल्या आहेत, त्या काळच्या जमाखर्चाच्या वह्या काही कुणाकडे नाहीत. पण सगळ्या परंपरा एकाच काळाकडे बोट दाखवतात, त्याला कारण आहे. बौद्ध धर्म दरबारातून बाहेर पडून डोंगराडोंगरांत पोचत होता तो हा काळ. झरे शोधल्याच्या कथांमध्ये म्हणूनच वारंवार भिक्षू भेटतात. होशीच्या कथेत ताइचो नावाचे भिक्षू हाकुसान पर्वतावर तप करतात, पर्वताची देवता त्यांना स्वप्नात झऱ्याची जागा दाखवते. किनोसाकीच्या कथेत दोची नावाचे भिक्षू हजार दिवस प्रार्थना करतात आणि 720 मध्ये पाणी उसळतं. झऱ्यांची वस्ती त्याही आधीची असणार. सम्राट जोमेई 631 मध्ये आरिमाच्या झऱ्यांवर गेल्याची नोंद जुन्या राजबखरीत आहेच. भिक्षूंनी पाणी आणलं नाही, पाण्याला अर्थ दिला असं म्हणू.

आणि स्नानाला पुण्य जोडण्याची ही कल्पना निघाली कुठून? आपल्याकडून. जीवक वैद्यानं बुद्धाला आणि संघाला स्नानासाठी बोलावलं, त्यावर बुद्धानं स्नानदानाचं फळ सांगितलं, असं एक सूत्र चिनी भाषेतून जपानला पोचलं आणि तिथे मठामठांत न्हाणीघरं बांधली गेली. जीवक राजगृहाचा, आणि राजगृहात गरम पाण्याचे झरे आहेत, आजही राजगीरला जाऊन पाहता येतील. विनयपिटकात एक गोष्ट आहे. राजा बिंबिसार डोकं धुवायला त्या झऱ्यावर गेला. भिक्षू आंघोळ करत होते. राजा भला माणूस, थांबला. भिक्षूंची आंघोळ काही आटोपेना. शेवटी उशीर झाला, नगराची दारं बंद झाली आणि राजाला रात्र बाहेर काढावी लागली. त्यावरून नियम झाला की भिक्षूनं पंधरवड्यातून एकदाच स्नान करावं. पुढे उन्हाळा, आजारपण, प्रवास, अशा सवलती आल्या त्या आल्याच. गरम पाणी थोडं आणि माणसं फार, मग आधी कोण उतरणार, हा प्रश्न त्या कथेतच आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बरं, आज आपण जपानी र्‍योकान म्हणून जे चित्र डोळ्यांसमोर आणतो, म्हणजे एक रात्र, दोन जेवणं, नक्षीदार ताटल्या, ते फार जुनं नाही. झऱ्यावरचा मुक्काम शतकानुशतकं वेगळाच होता. त्याला तोजी म्हणत, पाण्यानं उपचार. सात दिवसांचा एक फेरा, आणि पुरा उपचार म्हणजे तीन फेरे. शेतकरी कापणी उरकल्यावर तांदूळ, मिसो पाठीवर घेऊन येत, खोली घेत, चुलीवर स्वतः रांधत. आपल्याकडे यात्रेकरू धर्मशाळेत उतरून तीन दगडांवर भात शिजवत, तसंच. दुसरीकडे हमरस्त्यांवर हातागो नावाच्या खाणावळीवजा सराया होत्या, त्या एक रात्रीच्या. तोकुगावा राजवटीत ही दोन विश्वं कायद्यानं वेगळी ठेवलेली होती. प्रवाशानं रात्रीचा मुक्काम करायचा तो नेमून दिलेल्या टप्प्याच्या गावीच. कारण सरकारी डाकेसाठी घोडे, हमाल पुरवण्याचा बोजा त्या गावांवर होता, आणि बदल्यात मुक्कामाच्या पैशांवर त्यांचा हक्क होता.

हाकोनेच्या पायथ्याशी युमोतो नावाचं झऱ्याचं गाव, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओदावारा आणि हाकोने ही टप्प्याची गावं. युमोतोवाले हळूच एका रात्रीचे पाहुणे घ्यायला लागले. टप्प्याच्या गावांनी 1805 मध्ये तक्रार केली: हा उपचार नव्हे, हा आमच्या पोटावर पाय आहे. युमोतोवाले म्हणाले, एका रात्रीचाही उपचार असतो की! आणि सरकारनं ते मान्य केलं. 'एका रात्रीचा तोजी' असा शब्दच रूढ झाला. आम्हाला हा निकाल मोठा वाटतो. आजच्या प्रत्येक र्‍योकानमधला एक रात्रीचा पाहुणा, आमच्यासारखा, त्या पळवाटेतून आत आलेला आहे. परंपरा म्हणून आपण जिच्यापुढे मान तुकवतो, ती कधीकाळी नियमातून काढलेली सूट असते. आमचे काही सनातनी मित्र यावर नाराज होतील. होऊ देत.

आता किनोसाकी. हे गाव ह्योगो प्रांतात, जपानच्या समुद्राच्या बाजूला. आम्ही दोघं तिथे दोन रात्री होतो. या वयात सात दिवसांचा फेरा काही परवडत नाही. दारातच जोडे काढायचे. मग सपाता. तातामीवर पाऊल टाकताना सपाताही बाहेर. एवढं आपल्याला शिकवावं लागत नाही, आपण जोडे उंबऱ्याबाहेर काढणारी माणसं. युकाता नेसताना मात्र आमचं चुकत होतं ते तिथल्या बाईंनी हसून दुरुस्त केलं. डावी बाजू वर यायला हवी. उजवी वर फक्त मृताला नेसवताना. जमिनीवर बसून जेवायची सवय आमचीही आता मोडलेली, त्यांनी न सांगता पाठीची खुर्ची आणून ठेवली. शाकाहारी आहोत हे आधीच कळवलेलं होतं. टोफू, रानभाज्या, लोणची, भात. थंडीत बाकीची पंगत खेकड्यांवर तुटून पडलेली आणि आमच्यासमोर गाजराचं फूल. तक्रार नाही, फूल सुंदर होतं.

संध्याकाळी युकाता, पायात लाकडी गेता, आणि सगळं गाव रस्त्यावर. ओतानी ओढ्याच्या दोन्ही काठांना विलो, लहान दगडी पूल, गेतांचा टकटक आवाज. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत, उतरलेल्या पाहुण्याला सगळी खुली. आधी बाहेर बसून साबणानं अंग स्वच्छ धुवायचं, मग हौदात उतरायचं. लहानसा पंचा मिळतो, तो पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. आणि हो, अंगावर काहीही नसतं. हा प्रश्न आम्हाला प्रत्येक जण विचारतो, म्हणून सांगून टाकतो. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. पूर्वी पुष्कळ ठिकाणी एकत्र असे. 1854 मध्ये शिमोदाला आलेल्या अमेरिकन आरमाराच्या मंडळींना ते पाहून धक्का बसला, आणि पुढे मेइजी सरकारनं पाश्चात्त्यांसमोर शोभा नको म्हणून बंदी घालायला सुरुवात केली. पाच मिनिटं संकोच वाटतो. मग लक्षात येतं की आपल्याकडे कुणी बघत नाहीये, आणि ते जास्त लागतं!

किनोसाकीवाले म्हणतात की सगळं गाव म्हणजे एकच र्‍योकान. स्टेशन हे दार, रस्ते हे सोपे, सराया या खोल्या आणि सार्वजनिक स्नानगृहं हे न्हाणीघर. ऐकायला जाहिरातीतलं वाक्य वाटतं. पण त्यामागे तेवीस वर्षांचा कोर्टातला तंटा आहे.

झालं असं. 23 मे 1925 रोजी त्या भागात भूकंप झाला, मागोमाग आग लागली, आणि किनोसाकी जवळजवळ सगळं जळालं. त्या भागात चारशेहून अधिक माणसं गेली. आपण ज्या तीनमजली लाकडी सरायांचे फोटो काढतो, त्या सगळ्या त्यानंतरच्या. शिगा नाओया हे जपानी कथाकार 1913 मध्ये रेल्वेच्या अपघातातून वाचून इथे तीन आठवडे उपचाराला राहिले. तीन आठवडे म्हणजे तेच, तीन फेरे. त्यावर त्यांनी 1917 मध्ये कथा लिहिली, ती जपानमध्ये शाळेच्या पुस्तकांत असते. ज्या सरायीत राहून त्यांनी मधमाशीचं मरण पाहिलं, ती इमारतही आगीत गेली. लोक आजही तिथे ती कथा हातात घेऊन येतात.

आगीपर्यंत किनोसाकीत एक रिवाज पक्का होता. गरम पाणी फक्त सार्वजनिक स्नानगृहात. सरायीत नाही. मोठी सराय असो वा चार खोल्यांची, पाहुण्याला आंघोळीसाठी बाहेर पडावंच लागे. तो बाहेर पडला की चहावाला, गेतावाला, खेळण्यांचं दुकान, सगळ्यांची चूल पेटे. 1927 मध्ये, गाव नव्यानं उभं राहत असताना, एका जुन्या सरायीनं आपल्याच जागेतलं गरम पाणी घेऊन आत हौद बांधला. गाव खवळलं. प्रकरण कोर्टात गेलं.

बाजू दोन्ही ऐकण्यासारख्या आहेत, म्हणून आम्ही इथे रेंगाळतो आहोत. मालक म्हणतो, जमीन माझी, तिच्याखालचं पाणी माझं. म्हाताऱ्या, आजारी पाहुण्याला बर्फातून चालत का पाठवू? गाव म्हणतं, तू तुझ्या जमिनीत छिद्र पाडलंस, पण पाणी काय तुझ्या कुंपणापाशी थांबतं? ते सगळ्यांच्या पायांखालून येतं. तू उपसलंस तर स्नानगृहांचं आटेल. आणि आज तू आत हौद बांधलास, उद्या दहा जण बांधतील, परवा रस्ता ओस पडेल. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यावरून आपल्याकडे गावोगावी जे चालतं, तेच हे. फक्त पाणी कढत.

भांडण युद्धाच्या आधी सुरू झालं, युद्धभर टिकलं, आणि 1950 मध्ये समेटानं मिटलं. पाणी गावाच्या सामाईक संस्थेच्या ताब्यात राहील. सरायांना आत हौद करता येईल, पण त्याच्या आकाराला मर्यादा राहील. म्हणजे आतला हौद मुद्दाम लहान. 1972 पासून तर सगळ्या झऱ्यांचं पाणी एकत्र करून नळांनी वाटलं जातं. सात स्नानगृहं आणि सगळ्या सराया, पाणी एकच. आमच्या सरायीतला हौद चार माणसांना पुरेल एवढाच होता. तो छोटा का, हे कळल्यावर आम्हाला तो सगळ्या गावातला मोठा ऐतिहासिक अवशेष वाटला. पाण्याविषयीचा करार दगडात बांधलेला.

पाण्याच्या अस्सलपणाचाही एक वेगळा खेळ आहे. 1948 च्या जपानी कायद्यानुसार जमिनीतून येणारं पाणी उगमापाशी 25 अंशांच्या वर असेल, किंवा ठरलेल्या यादीतलं एखादं खनिज त्यात पुरेसं असेल, तर ते ओन्सेन. 25 अंश! त्या हिशेबानं महाराष्ट्रातल्या कितीतरी बोअरवेल ओन्सेन ठरतील. आणि 2004 मध्ये नागानो प्रांतातल्या, दुधी पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका ठिकाणी पाणी दुधी दिसावं म्हणून पूड मिसळत असल्याचं उघड झालं आणि देशभर खळबळ माजली. लोकांना पाणी गरम मिळत होतंच. संताप पाण्याचा नव्हता, दिलेल्या शब्दाचा होता.

तर आता घराण्याकडे. होशीच्या परंपरेत ताइचोंनी झऱ्याची व्यवस्था आपला शिष्य गार्‍यो याच्याकडे सोपवली, आणि गार्‍योनं ती आपला दत्तक मुलगा झेन्गोरो याच्याकडे. पुढचा प्रत्येक कुटुंबप्रमुख झेन्गोरो हेच नाव घेत आला, सेहेचाळीस पिढ्या. पाहा, जगातल्या सगळ्यात जुन्या कौटुंबिक धंद्यांपैकी एकाचा पहिला मालकच दत्तक आहे! रक्ताचा धागा पहिल्याच गाठीला तुटलेला. मुलगा नसेल, किंवा असून नालायक असेल, तर हुशार तरुण शोधायचा, त्याला मुलगी द्यायची आणि त्यालाच मुलगा करून घ्यायचं. याला मुकोयोशी म्हणतात. आपल्याकडे जावई आणि दत्तक पुत्र ही दोन वेगळी नाती, आणि घरजावई हा तर थट्टेचा विषय. तिथे दोन्ही एकाच माणसात, आणि मानानं. नाव बदलणं मात्र आपल्या ओळखीचं आहे. कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये बडोद्याचा सयाजीराव झालाच की.

म्हणजे 'घर' या शब्दाचा अर्थ तिथे रक्त असा नव्हता. घर ही एक जागा होती, पद म्हणा, त्यात माणसं येऊन बसत. नागसेन भिक्षूनं मिलिंद राजाला रथ दाखवून विचारलं होतं की यातला रथ कुठला, चाक की आस की जू? होशीच्या बाबतीत तेच विचारता येतं. इमारत नव्हे, रक्त नव्हे, आणि पाणी तर दर क्षणी नवं. आमचं उत्तर असं: दर पिढीत कुणीतरी जुनं नाव आणि त्याबरोबरचं ओझं उचलायला तयार झालं, आणि भोवतालच्यांनी ते मान्य केलं. या दोन्ही होकारांतलं एक गेलं तर तेराशे वर्षं एका दुपारी संपतात. आणि ओझं कुणी उचललं हे विचारताना ओकामीला विसरू नये. ओकामी म्हणजे सरायीची मालकीण, पाहुण्यापुढे गुडघे टेकून स्वागत करणारी, भटारखान्यापासून हिशेबापर्यंत सगळं बघणारी. वंशावळीत झेन्गोरो मोजले जातात, सेहेचाळीस. ओकामी कुणी मोजल्या?

युद्धानंतर 1947 मध्ये नागरी कायदा बदलला, घर ही कायदेशीर संस्था म्हणून संपली, थोरल्याचा एकट्याचा वारसा संपला. भरभराटीच्या काळात कंपन्यांच्या सहलींसाठी लाकडी सराया पाडून काँक्रीटचे मजले चढले, कर्जं झाली, मग सहली थांबल्या. 1980 च्या सुमारास देशात 80,000 हून अधिक र्‍योकानं होती. 2017 च्या सुमारास ती 40,000 च्या आत आली. मुलं टोकियोला, ओसाकाला. पहाटे पाचला उठून पन्नास जणांची न्याहारी लावायला कोण राजी होणार? आमच्या सरायीतली वाढणारी मुलगी नेपाळची होती. तोडक्यामोडक्या हिंदीत तिनं आमची विचारपूस केली, तेव्हा जेवण जरा जास्तच गेलं.

आणि केइउनकान. बावन्नाव्या पिढीला वारस मिळाला नाही. मुकोयोशीही नाही. 2017 मध्ये व्यवस्था तिथेच अनेक वर्षं काम केलेल्या एका माणसाकडे गेली. त्याचं त्या घराण्याशी ना रक्ताचं नातं, ना लग्नाचं, ना दत्तकविधानाचं. 705 पासून जे तीन मार्ग होते ते तिन्ही संपल्यावर चौथा काढला. आता तुम्ही म्हणाल, मग ते जगातलं सगळ्यात जुनं हॉटेल राहिलं का? गिनीजच्या लेखी राहिलं. आमच्या लेखी, तो माणूस रोज सकाळी पाण्याचा अंदाज घ्यायला हौदात हात घालत असेल, तोवर राहिलं.

वेळ झालेली दिसते, संयोजक घड्याळाकडे बघताहेत. मागे कुणाचा तरी हात वर आहे मघापासून. विचारा.